झार संत, स्टालिनही थोर. मग गुन्हा केला कोणी?

मे २०२५ मध्ये मॉस्कोच्या तागान्स्काया मेट्रो स्थानकात स्टालिनचं एक भलंमोठं भित्तिशिल्प बसवलं गेलं. मूळ शिल्प साठच्या दशकात तिथून हटवलं होतं, ही त्याची नवी प्रतिकृती. लोक येऊन फुलं ठेवू लागले. काही कार्यकर्त्यांनी मात्र पुतिन आणि माजी राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव यांचीच स्टालिनवर टीका करणारी जुनी वाक्यं छापून तिथे आणून ठेवली. त्याआधी, एप्रिलच्या अखेरीला, व्होल्गोग्राडच्या विमानतळाला ‘स्टालिनग्राद’ नाव देण्याचा हुकूम निघाला होता.

आता याच मॉस्कोतल्या एखाद्या चर्चमध्ये जा. तिथे शेवटचा झार निकोलस दुसरा संतांच्या रांगेत दिसतो, बायको आणि पाच मुलांसकट. आणि लाल चौकात अजूनही लेनिन निजलेला आहे, ज्याच्या राजवटीत त्या सात जणांना तळघरात गोळ्या घातल्या गेल्या. आपल्याकडे पन्नाशी-साठी गाठलेल्या वाचकांना रशिया भेटला तो लोकवाङ्मय गृहात मिळणाऱ्या स्वस्त आणि देखण्या सोव्हिएत पुस्तकांतून. त्यांत झार म्हणजे खलनायक, विषय संपला. तो संत कधी झाला? आणि झार संत असेल, तर त्याला मारणाऱ्यांची नावं स्थानकांना आणि रस्त्यांना कशी?

हे कोडं सुटायला दोन प्रश्न एकत्र पाहावे लागतात. रशियनांना राजा परत हवाय का, हा एक. आणि पूर्वजांच्या काळात जे घडलं त्याचं उत्तरदायित्व आजच्या रशियनांवर येतं का, हा दुसरा. वरवर हे प्रश्न वेगळे वाटतात. माझ्या मते ते एकच आहेत. सत्ता वर कुठेतरी असते, ती आपली नसते, असं ज्याला वाटतं त्याला तिच्या कृत्यांबद्दल स्वतःला विचारायचं काही कारणच उरत नाही.

थोडक्यात घडलं काय

रोमानोव्ह घराणं १६१३ साली गादीवर आलं, तेही निवडून. देशभरातल्या प्रतिनिधींच्या सभेनं सोळा वर्षांच्या मिखाईल रोमानोव्हला झार नेमलं. तिथून तीनशे वर्षं या घराण्याचं राज्य चाललं. शेवटचा निकोलस १८९४ मध्ये गादीवर आला आणि सुरुवातच अपशकुनी झाली. १८९६ मध्ये राज्याभिषेकाच्या निमित्तानं मॉस्कोजवळच्या खोदिन्का मैदानावर भेटवस्तू वाटायच्या होत्या, तिथे चेंगराचेंगरीत तेराशेहून अधिक माणसं मेली. त्याच रात्री झार फ्रेंच राजदूताच्या मेजवानीला गेला. लोकांनी ते कधी विसरलं नाही.

पुढे १९०५ मध्ये एका रविवारी सेंट पीटर्सबर्गचे कामगार गपोन नावाच्या पाद्र्याबरोबर हिवाळी राजवाड्याकडे निघाले. हातात धर्मचित्रं होती, झारच्या तसबिरी होत्या आणि एक अर्ज होता. मालक छळतात, अधिकारी ऐकत नाहीत, तूच आमचा बाप, तू ऐक, असा त्या अर्जाचा सूर. झार राजवाड्यात नव्हताच. सैनिकांनी गोळीबार केला आणि शंभराहून जास्त माणसं तिथेच पडली.

महायुद्धानं उरलंसुरलं संपवलं. मार्च १९१७ मध्ये प्स्कोव्ह इथे रेल्वेच्या डब्यात बसून निकोलसनं राजत्यागावर सही केली. भाऊ मिखाईलला गादी दिली होती, त्यानं दुसऱ्याच दिवशी ती नाकारली. या वेळी झारच्या बाजूनं जवळजवळ कोणीच उभं राहिलं नाही. ज्या ऑर्थोडॉक्स चर्चनं पुढे त्याला संत ठरवलं, त्याच्या धर्मसभेनं तेव्हा काही दिवसांतच भाविकांना नव्या हंगामी सरकारच्या पाठीशी राहायला सांगितलं. पुढे लेनिनच्या बोल्शेविक पक्षानं सत्ता घेतली, तेव्हा यादवी युद्धात त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या प्रमुख सेनापतींनीही ‘झार परत आणू’ अशी अधिकृत घोषणा केली नाही, कारण त्या घोषणेनं माणसं जोडली जाण्यापेक्षा तुटली असती.

१६-१७ जुलै १९१८ च्या रात्री येकातेरिनबुर्गमधल्या इपातियेव्ह यांच्या घराच्या तळघरात झार, झारिना, चार मुली, आजारी मुलगा, आणि त्यांच्याबरोबर राहिलेले डॉक्टर, मोलकरीण, आचारी आणि नोकर अशा अकरा जणांना मारण्यात आलं. प्रेतांवर गंधकाम्ल ओतलं आणि ती जंगलातल्या वाटेखाली पुरली.

अपराध आणि जबाबदारी

पुढे जाण्याआधी एक भेद पक्का करून घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी आपल्याच देशबांधवांसाठी तो मांडला होता. ‘दोषी कोण’ या एका प्रश्नाखाली चार प्रश्न दडलेले असतात, असं त्यांचं म्हणणं. पहिला, कायदा कोणी मोडला? हा अपराध व्यक्तीचा, त्याचा निवाडा न्यायालयात. दुसरा, ज्या राज्यानं हे केलं त्याचे नागरिक कोण? इथे परिणाम सगळ्यांना भोगावे लागतात, विरोध करणाऱ्यालाही. तिसरा, मी तेव्हा कसा वागलो? हा ज्याचा त्यानं स्वतःला विचारायचा. आणि चौथा, शेजारी माणूस मारला जात असताना मी जिवंत राहिलो, याचं काय? त्याचा निवाडा माणसाच्या हातात नाही.

‘सामूहिक जबाबदारी’ म्हणतात ती यांतली दुसरी. ती समजायला सातबारा डोळ्यांपुढे आणा. आजोबांनी जमिनीवर सोसायटीचं कर्ज काढलं आणि ते उधळलं. नातवानं एक पैसाही घेतलेला नाही, तो चोर नाही, त्याला कोणी तुरुंगात टाकणार नाही. पण जमीन त्याच्या नावावर झाली की इतर हक्काच्या रकान्यातला बोजाही त्याच्याकडे येतो. ‘तेव्हा माझा जन्मही नव्हता’ हे तलाठ्याला सांगून उपयोग नाही. फार तर तो जमिनीवरचा हक्कच सोडू शकतो. जमीन हवी आणि बोजा नको, हे मात्र चालत नाही.

रशियाच्या बाबतीत हे अगदी कागदोपत्री घडलेलं आहे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला तेव्हा सुरक्षा परिषदेतली नकाराधिकाराची खुर्ची रशियानं वारस म्हणून घेतली. अण्वस्त्रं घेतली, जगभरातले दूतावास घेतले. सोव्हिएत कर्जही अंगावर घेतलं आणि २००६ मध्ये पॅरिस क्लब या कर्ज देणाऱ्या देशांच्या गटाची बाकी मुदतीआधी फेडून टाकली. २०२० च्या घटनादुरुस्तीनं तर रशिया हा सोव्हिएत संघाचा उत्तराधिकारी आहे आणि त्याला हजार वर्षांचा अखंड इतिहास आहे, हे राज्यघटनेतच लिहून ठेवलं. म्हणजे सातबारा स्वतःच्या नावावर करून घ्यायला कोणाची ना नव्हती. अडलं ते इतर हक्काच्या रकान्यापाशी.

“आपण सगळेच दोषी”

या सगळ्या गुंत्याचं एकच दृश्य निवडायचं झालं तर मी १७ जुलै १९९८ चं निवडेन. हत्येला त्या दिवशी ऐंशी वर्षं झाली होती. सेंट पीटर्सबर्गच्या पीटर-पॉल किल्ल्यातल्या चर्चमध्ये, जिथे पीटर पहिल्यापासूनचे बहुतेक झार पुरलेले आहेत, तिथे निकोलस आणि कुटुंबीयांचे अवशेष विधिपूर्वक ठेवायचे होते. हे अवशेष अलेक्सान्द्र अवदोनिन हे भूगर्भशास्त्रज्ञ आणि गेली र्याबोव्ह हे पटकथालेखक यांनी १९७९ मध्ये गुपचूप शोधले होते. सोव्हिएत काळात तोंड उघडणं शक्य नसल्यानं त्यांनी ते पुन्हा मातीत झाकून ठेवले, आणि सरकारी उत्खनन झालं ते १९९१ मध्ये.

राष्ट्राध्यक्ष बोरिस येल्त्सिन येणार नव्हते, ते ऐनवेळी आले. त्यांचं येणं साधं नव्हतं. १९७७ मध्ये इपातियेव्ह यांचं ते घर जमीनदोस्त केलं गेलं तेव्हा त्या प्रांताचे पक्षप्रमुख येल्त्सिनच होते. हुकूम मॉस्कोहून आला होता, अंमल यांनी केला. आता तेच शवपेट्यांसमोर उभे राहून म्हणाले की ज्यांनी हे क्रौर्य केलं ते दोषी, ज्यांनी दशकानुदशकं त्याचं समर्थन केलं ते दोषी, आणि आपण सगळेच दोषी.

चर्चचे प्रमुख अलेक्सी दुसरे आले नाहीत. अवशेष खरे आहेत का, याबद्दल चर्चला शंका होती. जनुकीय चाचण्या झाल्या होत्या, तरी होती. त्यामुळे अंत्यविधी करणाऱ्या पाद्र्यानं मृतांची नावं उच्चारली नाहीत. ज्यांची नावं, हे प्रभू, तुलाच ठाऊक, अशा शब्दांत प्रार्थना झाली. सगळ्या जगाला माहीत असलेल्या माणसाला त्याच्याच अंत्यविधीत नाव मिळालं नाही.

येल्त्सिन यांचं भाषण मनापासूनचं होतं, यात मला शंका नाही. इतक्या मोठ्या पदावरच्या रशियन माणसानं इतकं स्पष्ट बोलणं तेव्हाही दुर्मीळ होतं. पण ‘आपण सगळेच’ या शब्दांत एक पळवाट आहे, आणि ती राजकीय विचारवंत हाना आरेन्टनं फार आधी दाखवली होती: सगळेच दोषी असतील तर दोषी कोणीच उरत नाही. त्या भाषणानंतर कोणती फाईल उघडली? कोणाचं निवृत्तिवेतन थांबलं? सोव्हिएत दडपशाहीत भाग घेतलेल्यांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवण्याचा कायदा खासदार गालिना स्तारोवोइतोवा यांनी मांडला होता. तो कधीच मंजूर झाला नाही. १९९८ च्याच नोव्हेंबरमध्ये त्यांच्या राहत्या इमारतीच्या जिन्यात त्यांचा खून झाला.

चर्चचा पश्चात्ताप कसला?

चर्चची भूमिका जरा बारकाईनं पाहायला हवी, कारण बाहेर तिचा विपर्यास फार होतो. २००० साली मॉस्कोच्या चर्चनं झार कुटुंबाला संत ठरवलं, पण त्यांचा दर्जा ‘यातना सोसणारे’ असा आहे. म्हणजे मरण समोर आलं तेव्हा ते ख्रिस्ती माणसाला शोभेल अशा शांतपणे सामोरे गेले, एवढ्यासाठी संतपद. निकोलसनं राज्य कसं केलं, याची ती पावती नाही, हे चर्चनं स्पष्ट केलं होतं. खोदिन्का आणि १९०५ चा रविवार त्यांच्याही हिशेबात होते.

त्याआधी १९९३ मध्ये अलेक्सी दुसरे यांनी एक आवाहन केलं होतं: राजहत्येचं पाप लोकांच्या उदासीनतेत घडलं, त्याचा पश्चात्ताप रशियानं अजून केलेला नाही. यातलं ‘उदासीनता’ महत्त्वाचं. त्यात न्यायालयाची भाषा नाही, यास्पर्सच्या तिसऱ्या प्रश्नाची आहे.

काही भाविकांनी ही गोष्ट भलतीकडे नेली. त्यांच्या मते १६१३ मध्ये रशियन जनतेनं रोमानोव्ह घराण्याशी पिढ्यान् पिढ्यांची शपथ घेतली होती, ती मोडली म्हणून देशावर सगळी संकटं आली, आणि निकोलसनं आपल्या रक्तानं ते पाप धुतलं. मॉस्कोजवळच्या ताइनिन्स्कोये गावात झारच्या पुतळ्यापाशी ते ‘राष्ट्रीय पश्चात्तापा’चे विधी करू लागले. चर्चनं हे नाकारलं. पाप धुणारा तारणहार एकच, ख्रिस्त. दुसरा मानला तर तो पाखंड. शिवाय ज्यांनी केलंच नाही त्यांना नेमका कशाचा पश्चात्ताप करायला लावायचा?

गंमत अशी की या टोकाच्या पंथात पश्चात्ताप खूप आहे, पण हुकूम कोणी दिला, गोळी कोणी झाडली, याची चौकशी नाही. पाप सगळ्या राष्ट्राचं, तारणहार एक. येल्त्सिन यांच्या वाक्यासारखंच हे, फक्त उदबत्तीच्या धुरात.

म्हणजे रशियनांना राजा परत हवाय?

नाही, बहुतेकांना नको. सरकारी मालकीच्या मतचाचणी संस्थेनं २०१७ मध्ये, क्रांतीच्या शताब्दीला, विचारलं तेव्हा दोन तृतीयांश लोक राजेशाहीच्या विरोधात निघाले. चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त लोक ‘हरकत नाही’ म्हणाले, पण त्यांतल्याही बहुतेकांना त्या जागी बसवावा असा माणूस दिसत नव्हता. त्याच वर्षी क्रिमियाचे प्रशासक सर्गेई अक्स्योनोव्ह यांनी रशियाला राजेशाही हवी असं म्हणून पाहिलं. क्रेमलिनच्या प्रवक्त्यानं सांगितलं, पुतिन यांना ही कल्पना फारशी रुचत नाही.

वारस नाहीत असंही नाही. घराण्याच्या प्रमुख म्हणवणाऱ्या मारिया व्लादिमिरोव्हना माद्रिदमध्ये जन्मल्या. त्यांचे चिरंजीव गेओर्गी यांचं लग्न २०२१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक कॅथेड्रलमध्ये थाटात झालं. बातम्या आल्या, फोटो आले, विषय मिटला. रोमानोव्हांच्या इतर शाखांना तर हा दावाच मान्य नाही.

मग ‘रशियनांना झारच लागतो’ हे वाक्य इतकं का ऐकू येतं? कारण राजा गेला तरी राजाकडे पाहायची रीत उरली. रशियात एक जुनी म्हण आहे: झार कृपा करतो, पण त्याचा कुत्री सांभाळणारा करत नाही. वरचा चांगला, मधले बदमाश. अठराव्या शतकात पुगाचोव्हनं एवढा मोठा शेतकरी उठाव केला, तोही ‘मीच खरा झार पीटर तिसरा’ असं सांगून. झारविरुद्ध बंड करायलाही झारचंच नाव लागलं. १९०५ चा अर्ज त्याच परंपरेतला.

आज जवळजवळ दरवर्षी पुतिन दूरचित्रवाणीवर तासन् तास लोकांचे प्रश्न घेतात. गावातला रस्ता, थकलेला पगार, गॅसची जोडणी. काही तक्रारींवर दुसऱ्याच दिवशी हालचाल होते आणि स्थानिक अधिकाऱ्याची तारांबळ उडते. नगरपालिका, न्यायालय, खासदार हे सगळे असताना रस्त्याच्या खड्ड्यासाठी राष्ट्राध्यक्षाला का विचारावं लागतं, हा प्रश्न कार्यक्रमात कोणी विचारत नाही. याला रक्तातला गुण वगैरे म्हणणं मला पटत नाही. मधली प्रत्येक संस्था पोकळ केली की कुठल्याही देशातला माणूस वरच पाहील.

आता वरच पाहणाऱ्या माणसाला विचारा, राज्यानं जे केलं त्याला तू जबाबदार का? तो प्रामाणिकपणे म्हणेल, माझा काय संबंध? मला कोणी विचारलं होतं? या उत्तरातलं दुखणं खरं आहे, ते उडवून लावता येत नाही.

वोइकोव्हचं स्थानक

मॉस्कोच्या मेट्रोत ‘वोइकोव्स्काया’ नावाचं एक स्थानक आहे. प्योत्र वोइकोव्ह हे १९१८ मध्ये उरल भागाचे अन्नपुरवठा अधिकारी होते, आणि गंधकाम्ल देण्याच्या आदेशावर त्यांची सही आहे. पुढे ते पोलंडमध्ये सोव्हिएत राजदूत झाले, आणि १९२७ मध्ये वॉर्साच्या रेल्वे स्थानकावर एका रशियन निर्वासित तरुणानं त्यांना गोळी घातली. सोव्हिएत राजवटीनं त्यांना हुतात्मा केलं.

चर्चसह अनेकांची मागणी होती की हे नाव बदला. २०१५ मध्ये मॉस्को शहरानं ऑनलाइन कौल घेतला, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांनी नाव बदलू नका असं सांगितलं. हे सगळे झारद्वेष्टे होते म्हणावं, तर तसंही नाही. कित्येकांना वोइकोव्ह कोण हेच ठाऊक नव्हतं; उगाच खर्च, पाट्या बदला, पत्ते बदला, कशाला? हत्येच्या कटातल्या एका माणसाचं नाव शहरानं ठेवलं ते असं, निव्वळ सवयीनं.

याउलट २०१६ मध्ये ९ मे च्या विजयदिनाच्या मिरवणुकीत, जिथे लोक महायुद्धात लढलेल्या आजोबा-पणजोबांचे फोटो घेऊन चालतात, तिथे क्रिमियाच्या तेव्हाच्या मुख्य अभियोक्त्या नताल्या पोक्लोन्स्काया झार निकोलसची धर्मप्रतिमा घेऊन चालल्या. सोव्हिएत विजयाच्या मिरवणुकीत झार! कम्युनिस्ट चिडले, पण सरकारी इतिहासाला हे चालतं. त्याच्या दृष्टीनं झार आणि सोव्हिएत ही एकाच बलाढ्य राज्याची दोन रूपं. राज्य वाढवलं तो थोर, मोडलं तो पापी. या मापानं निकोलस आणि स्टालिन एका भिंतीवर बसतात, आणि मारलेली माणसं त्या मापात येतच नाहीत.

स्टालिनकाळाचं काय?

१९३७-३८ या दोन वर्षांत सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या स्वतःच्या नोंदींनुसार ६ लाख ८० हजारांहून अधिक माणसांना गोळ्या घातल्या गेल्या. मॉस्कोच्या कडेला बुतोवो इथल्या एकाच मैदानात वीस हजारांहून अधिक. हे आता कोणी गंभीरपणे नाकारत नाही. २०१७ मध्ये पुतिन यांनी स्वतः मॉस्कोत ‘दुःखाची भिंत’ या स्मारकाचं उद्घाटन केलं. म्हणजे बळी मान्य आहेत, रडायला परवानगी आहे. मारणारा कोण, तिथे वाक्य थांबतं.

रशियातल्या कातिन जंगलाच्या नावानं ओळखलं जाणारं हत्याकांड हे त्याचं ठळक उदाहरण. १९४० मध्ये जवळपास २२ हजार पोलिश अधिकारी आणि नागरिकांना सोव्हिएत पोलिसांनी मारलं आणि दोष नाझींवर ढकलला. १९९० मध्ये गोर्बाचोव्ह यांनी सत्य मान्य केलं, आणि २०१० मध्ये रशियाच्या संसदेनं आदेश स्टालिनचाच होता असा ठराव केला. त्याच वर्षी कातिन इथे पुतिन म्हणाले की या गुन्ह्याला समर्थन नाही, पण त्यासाठी रशियन जनतेला दोषी धरणं हेही असत्यच. अपराधाच्या अर्थानं हे बरोबर आहे. पण अपराध नाही म्हणून जबाबदारीही नाही, ही उडी त्यात चोरपावलानं येते. २०२० मध्ये त्वेर शहरातल्या गुप्त पोलिसांच्या जुन्या इमारतीवरून तिथे मारलेल्या पोलिश बंद्यांच्या स्मृतीची पाटी उतरवली गेली.

‘मेमोरियल’ ही संस्था तीसेक वर्षं बळींची नावं गोळा करत होती; तिच्या यादीत तीस लाखांहून अधिक नावं होती. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंद केली. गौरवशाली इतिहासाचा अभिमान बाळगण्याऐवजी आम्ही लाज का बाळगावी, पश्चात्ताप का करावा, असा सरकारी वकिलाचा सवाल होता. पुढच्या वर्षी मेमोरियलला शांततेचं नोबेल विभागून मिळालं.

नावं शोधण्याचं दुसरं टोक तोम्स्क शहरात सापडतं. तिथल्या देनिस करागोदिन यांच्या पणजोबांना, स्तेपान या शेतकऱ्याला, डिसेंबर १९३७ मध्ये उचललं आणि २१ जानेवारी १९३८ ला गोळी घातली. पणतूनं ठरवलं की मारणाऱ्यांची नावं काढायची, सगळ्यांची. वर स्टालिन आणि पॉलिटब्यूरो (पक्षाचं सर्वोच्च मंडळ), खाली स्थानिक अधिकारी, गोळी झाडणारे, गाडी चालवणारे, कागद टंकित करणारेसुद्धा. वर्षानुवर्षं अर्ज, नकार, पुन्हा अर्ज. अखेर २०१६ मध्ये मृत्युदंड अमलात आणल्याचा कागद हाती आला, त्यावर तिघांच्या सह्या होत्या.

ही यादी प्रसिद्ध झाल्यावर त्या तिघांपैकी एकाच्या नातीनं करागोदिन यांना पत्र लिहिलं. आजोबा हे काम करत होते हे तिला माहीत नव्हतं, तिला झोप लागत नव्हती. तिच्या घरात दुसऱ्या बाजूचे पणजोबा दडपशाहीत बळी गेलेले होते. एकाच कुटुंबात मारणारा आणि मेलेला. तिनं क्षमा मागितली. करागोदिन यांनी उत्तरात तिच्यापुढे समेटाचा हात केला, आणि शोध चालूच राहील असंही सांगितलं.

येल्त्सिन यांच्या भाषणाहून हे पत्र मला वजनदार वाटतं. तिथे ‘आपण सगळे’ नव्हते. एक नाव होतं, एक सही होती, आणि ती सही आपल्या घरातली आहे असं म्हणणारी एक बाई होती, जिनं स्वतः काहीच केलेलं नव्हतं.

“पण सर्वांत जास्त रशियनच मेले ना?”

हा आक्षेप सर्वांत जोरदार आहे, आणि जर्मनीशी तुलना करताना तो विसरला जातो. नाझींनी मारलेले बहुसंख्य लोक इतर देशांतले होते किंवा ज्यांना जर्मन मानायलाच नकार दिला असे होते. सोव्हिएत राजवटीनं आपलीच माणसं मारली, मग मारणाऱ्यांनाही मारलं. गुप्त पोलिसांचे प्रमुख यागोदा आणि त्यांच्यानंतरचे येझोव्ह दोघांनाही गोळ्याच मिळाल्या. अशा देशात कोणी कोणाची माफी मागायची? शिवाय जर्मनी हरला होता. खटले आधी जेत्यांनी चालवले, जर्मनांनी स्वतःहून मोठा आउश्वित्झ खटला चालवला तो साठच्या दशकात. रशियाला बाहेरून कोणी हरवलं नाही, आणि आतून राजवट बदलली तेव्हा जुनेच लोक नव्या खुर्च्यांवर होते.

तरी जर्मनीकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. १९५२ मध्ये इस्रायलला तीन अब्ज मार्कांची भरपाई देण्याच्या करारावर चॅन्सलर कोनराड आडेनाउअर यांनी सही केली. या गृहस्थांना नाझींनीच पदावरून हाकललं होतं आणि तुरुंगात टाकलं होतं. अपराधाचा प्रश्नच नव्हता. राज्याचे प्रमुख म्हणून सही त्यांची, आणि पैसे करदात्यांचे, ज्यांत हिटलरला विरोध केलेलेही होते. याला शिक्षा म्हणणं चूक ठरेल, आणि लाजेचाही इथे संबंध नाही.

युक्रेननंतर

फेब्रुवारी २०२२ नंतर ही चर्चा तत्त्वज्ञानाच्या वर्गातून बाहेर आली. युद्धाविरोधात रस्त्यावर उतरलेल्या हजारो रशियनांना पहिल्याच काही आठवड्यांत अटक झाली, लाखो देश सोडून गेले. परदेशात गेल्यावर बँक खातं उघडेना, व्हिसा मिळेना. आम्ही तर विरोध केला होता, मग आमच्यावर हा राग का, हा त्यांचा प्रश्न. युक्रेनियनांचं उत्तर असतं, बॉम्ब तुमच्या करांतून येतात.

दोघांचंही खरं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. निषेध करून तुरुंगात गेलेल्या शिक्षिकेला युद्धगुन्हेगार म्हणणं हा अन्याय आहे. पासपोर्टवरून एखाद्याचा अपराध ठरवणं म्हणजे व्यक्तीला व्यक्ती न मानणं; स्टालिननं अख्ख्या चेचेन जमातीला १९४४ मध्ये उचलून मध्य आशियात टाकलं ते याच तर्कानं. पण उद्या भरपाईची वेळ आली तर ती रशियाच्या तिजोरीतून जाईल, आणि त्या तिजोरीत या शिक्षिकेचंही निवृत्तिवेतन आहे. रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर पाश्चात्त्य देशांनी २०२२ मध्येच गोठवले, त्यांतला मोठा हिस्सा बेल्जियममध्ये अडकलेला आहे. तो पैसा गोठवताना कोणी कोणाला मत दिलं होतं, हे विचारलं गेलं नाही.

असा दावा राजवट बदलल्यानं बुडतो असंही नाही. झारनं फ्रान्समधल्या सामान्य लोकांना रोखे विकून प्रचंड कर्ज उभं केलं होतं. बोल्शेविकांनी १९१८ मध्ये ते सरळ झुगारलं: झारचं देणं झारनं फेडावं. त्याच झारला त्यांनी पुढे काही महिन्यांतच मारलं. रशियानं अखेर १९९७ मध्ये फ्रान्सशी तडजोड करून ४० कोटी डॉलर देण्याचं कबूल केलं. मूळ कर्जाच्या मानानं ही रक्कम किरकोळ होती, आणि फ्रेंच रोखेधारकांच्या संघटनांनी ती पूर्ण फेड मानली नाही. त्यांचा तगादा चालूच राहिला.